पॅरिस, रोम, बार्सिलोना: चोरीचा धोका कसा जोखावा आणि तयारी कशी करावी

युरोपची टूर ठरली की घरात हमखास विचारलं जातं, ‘तिकडे सुरक्षित आहे ना?’ याला हो किंवा नाही असं उत्तर देता येत नाही. गुन्हा कोणता, शहरात नेमका कुठे, कोणत्या वेळी, असं विचारलं तर उत्तर मिळतं. पहिल्यांदा युरोपला जाणारे बरेच जण वरच्या तीनपैकी एखाद्या शहरात जातातच, म्हणून तीच उदाहरणाला घेतो.

१. जिवाचा धोका आणि खिशाचा धोका वेगळा करा

देशादेशांची तुलना करायची तर खुनांचं प्रमाण त्यातल्या त्यात भरवशाचं, कारण खून सहसा नोंदीतून सुटत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२१ मध्ये जगात दर लाख लोकांमागे ५.८ खून झाले. भारतात २०२२ ची नोंद साधारण दोनची आहे. इटली आणि स्पेनमध्ये हा आकडा एकाहूनही कमी, फ्रान्समध्ये एकाच्या आसपास. म्हणजे जिवाची काळजी तिथे आपल्यापेक्षा कमीच करायला हवी.

चोरीच्या आकड्यांवर मात्र अशी तुलना करू नका. विम्याच्या कागदासाठी लोक पाकीटमारीचीही तक्रार देतात, तिथे चोऱ्या जास्त दिसतात. जिथे चौकीत कुणी दादच देत नाही, तिथला तक्ता स्वच्छ दिसतो. ‘नंबेओ’सारख्या संकेतस्थळांवरचा गुन्हे निर्देशांक तर लोकांच्या मतांवरून काढलेला असतो, पोलिसांच्या नोंदींवरून नाही.

२. सरकारी सूचना वाचा, पण क्रमांकावर थांबू नका

अमेरिकेचं परराष्ट्र खातं देशांना १ (सगळ्यात कमी धोका) ते ४ (सगळ्यात जास्त) अशा पातळ्या देतं. फ्रान्स, इटली, स्पेन गेली काही वर्षं पातळी २ वर आहेत, आणि भारतही. तेव्हा २ पाहून घाबरायचं, तर घरातूनच बाहेर पडायला नको! कामाचा असतो तो खालचा मजकूर: कोणतं स्थानक, कोणती युक्ती, कोणती वेळ. त्यासाठी ब्रिटनच्या परराष्ट्र खात्याची पानंही वाचण्यासारखी आहेत. ती त्यांच्या नागरिकांसाठी लिहिलेली असतात, तेवढं लक्षात ठेवा.

३. जागा आणि युक्त्या आधीच माहीत करून घ्या

खरी तयारी इथेच होते, कारण युक्त्या वर्षानुवर्षं त्याच आहेत. पॅरिसमध्ये मेट्रोची लाइन १ आणि विमानतळाला जाणारी आरईआर बी ही उपनगरी रेल्वे या गर्दीच्या गाड्या चोरांच्या आवडीच्या. दार बंद होण्याच्या क्षणी फोन हिसकावून उडी मारली की गाडी तुम्हाला घेऊन पुढे निघून जाते. म्हणून दाराजवळ उभं राहून फोन हातात धरू नका. टेकडीवरच्या साक्रे-केर चर्चच्या पायऱ्यांखाली तुमच्या मनगटाला रंगीत दोरा बांधून पैसे मागतात. हात खिशात ठेवून सरळ चालत राहा. कागदावर सही मागणाऱ्या मुली आणि रस्त्यात ‘सापडलेली’ सोन्याची अंगठी दाखवणारे याच जातकुळीतले.

रोममध्ये तेर्मिनी स्थानक, आणि तिथून व्हॅटिकनकडे जाणारी ६४ क्रमांकाची बस. गर्दी असेल तर पुढच्या बसची वाट पाहा किंवा मेट्रो घ्या. अर्थात मेट्रोतही खिसा सांभाळावाच लागतो.

बार्सिलोनात ला राम्बला हा गर्दीचा रस्ता. कुणी आपणहून ‘कपड्यावर घाण पडली’ म्हणत पुसायला येतं आणि त्याचा साथीदार बॅग उचलतो. हॉटेलात खुर्चीच्या पाठीला पर्स अडकवायची सवय तर इथे सोडाच. स्पेनमध्ये ४०० युरोंच्या आतली चोरी किरकोळ गुन्हा धरली जाते आणि चोर बऱ्याचदा दंडावर सुटतो. तोच माणूस पुन्हा त्याच जागी का दिसतो, ते यावरून कळेल.

तोतया पोलिसांचं सोंग अनेक शहरांत दिसतं. खरा पोलीस ओळखपत्र मागेल, पण रस्त्यात पाकीट उघडून नोटा मोजणार नाही. चौकीत येतो म्हणा.

४. सगळं एका बॅगेत नको

रोख आणि कार्डं दोन ठिकाणी, शक्यतो दोन माणसांकडे ठेवा. पासपोर्ट कपड्यांच्या आतल्या पाऊचमध्ये. पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती कागदावर आणि ईमेलवर. खरं मंगळसूत्र आणि पाटल्या घरीच ठेवा. सासूबाईंना पटवणं हा यातला सगळ्यात अवघड भाग, पण पटवा.

परदेशातल्या ऑनलाइन व्यवहारांना बऱ्याचदा ओटीपी लागत नाही. म्हणून बँकेच्या ॲपवर कार्डाची मर्यादा कमी करा आणि न लागणारे व्यवहार बंद ठेवा. *#०६# डायल करून फोनचा आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा वेगळा ओळख क्रमांक, लिहून घ्या.

५. चोरी झालीच तर

चोरामागे धावू नका. दुसऱ्याच्या फोनवरून आधी कार्ड बंद करा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार, तक्रार नोंदवल्यानंतर झालेला तोटा बँकेने सोसायचा असतो. मग सिम बंद करा, कारण बँकेचे ओटीपी त्याच नंबरवर येतात. त्यानंतर पोलिसात लेखी तक्रार. तिची प्रत नसेल तर विम्याचा दावा अडकतो, आणि बहुतेक विमा कंपन्या ती २४ तासांत मागतात. रोख रकमेची भरपाई बऱ्याच पॉलिसींत नसते, ते निघण्याआधी वाचून घ्या. तातडीची मदत हवी असेल तर तिन्ही देशांत आपल्यासारखाच ११२ नंबर चालतो.

पासपोर्ट गेला तर पॅरिस, रोम किंवा माद्रिदच्या भारतीय दूतावासात किंवा जवळच्या भारतीय वाणिज्य दूतावासात जायचं. तिथे मिळणारं इमर्जन्सी सर्टिफिकेट फक्त भारतात परतण्यासाठी असतं. त्यावर पुढची सहल होत नाही, शिवाय या तिन्ही देशांना चालणारा शेंगेन व्हिसाही जुन्या पासपोर्टबरोबर गेलेला असतो. सहलीच्या शेवटी असं झालं तर सर्टिफिकेट घ्या. सुरुवातीलाच झालं तर नवा पासपोर्ट किती दिवसांत मिळेल ते दूतावासाला विचारा, आणि मगच पुढची बुकिंगं रद्द करायची का ते ठरवा.