बोटीची बॅटरी खरंच चार्ज होतेय का?

गंगापूर धरणावर मोटरबोट तासभर फिरवली म्हणजे बॅटरी फुल्ल झाली, असं धरून चालू नका. लेड-अ‍ॅसिड बॅटरी साधारण ८० टक्क्यांपर्यंत भराभर चार्ज होते, पुढे मात्र करंट घ्यायला हात आखडता घेते. उरलेल्या २० टक्क्यांना कित्येक तास लागतात; ते काम किनाऱ्यावरच्या चार्जरचं.

१२ व्होल्टच्या बॅटरीला मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं मीटर) लावा. इंजिन चालू असताना १४ ते १४.४ दिसायला हवं. १३ च्या खाली दिसलं तर लगेच नव्या बॅटरीला पैसे घालू नका. आधी अल्टरनेटरचा (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरचा) बेल्ट ढिला आहे का आणि टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड साचली आहे का, ते बघा. बहुतेकदा तिथेच घोळ असतो.

आणि दिवे-म्युझिकसाठी बॅटरी वेगळीच ठेवा, इंजिन सुरू करणाऱ्या स्टार्टरच्या बॅटरीवर गाणी नकोत.