फार्मॉल एचचा मॅग्नेटो: पॉइंट साफ करा, टायमिंग कानाने लावा

आमच्या इथे इलिनॉयमध्ये जुने फार्मॉल एच ट्रॅक्टर (१९३९ ते १९५३ चे) अजून बऱ्याच शेडमध्ये उभे दिसतात, त्यावर एच-४ मॅग्नेटो (प्लगला ठिणगी पुरवणारं यंत्र) असेल तर बॅटरी मेलेली असली तरी हँडल मारून इंजिन चालू होतं कारण आतलं चुंबक फिरून स्वतःच करंट तयार करतं. म्हणून याला बॅटरीची वायर कधीच जोडू नका, कॉईल जळेल. आणि कारच्या उलट, इथे स्विचची वायर काढली की मॅग्नेटो बंद होत नाही, चालूच राहतो! त्यामुळे काम करताना स्विच बंदच ठेवा, गिअर न्यूट्रलला, चाकांखाली ठोकळे.

आधी पॉइंट, म्हणजे मॅग्नेटोतले उघडझाप करून ठिणगी पाडणारे संपर्क. ठिणगी नाही म्हटलं की सगळे कॉईलला शिव्या घालतात, मी पण पहिल्यांदा उगाच नवी कॉईल घेतली होती आणि दोष निघाला काळ्या पडलेल्या पॉइंटचा. मॅग्नेटोची कॅप (प्लगच्या वायरी लागतात ते झाकण) काढा, तडे बघा, रोटर (कॅपखालचा फिरणारा तुकडा) काढा, पॉइंट बारीक कानशीने हलके घासून मग स्पिरिटमध्ये भिजवलेला कोरा कागद मधून ओढा. पॉइंट पूर्ण उघडे असताना गॅप ०.०१३ इंच, म्हणजे ०.३३ मिमी. हे टायमिंगच्या आधीच करा, गॅप बदलला की टायमिंग पण सरकतं.

आता १ नंबरचा (रेडिएटरकडचा) प्लग काढून भोकावर बोट ठेवा आणि हँडल हळू फिरवा, हवा बोट ढकलायला लागली की कॉम्प्रेशन आलं, मग पुलीवरची टीडीसीची (पिस्टन अगदी वर असतानाची) खूण पॉइंटरसमोर येईपर्यंत अगदी सावकाश. बरोब्बर तिथेच मॅग्नेटोतून "टक्" यायला हवं, तो इम्पल्स कपलिंगचा (मॅग्नेटोला स्प्रिंगने झटका देणाऱ्या जोडाचा) आवाज.

टक् आलाच नाही तर आतलं ग्रीस वाळून कपलिंग अडकलेलं असतं, रॉकेलने धुऊन काढा. चुकीच्या जागी आला तर दोन बोल्ट सैल करून मॅग्नेटोचा वरचा भाग इंजिनकडे पूर्ण कलवा, हँडल दोन फेरे फिरवून परत १ नंबरच्या कॉम्प्रेशनवर टीडीसीला आणा आणि मग वरचा भाग हळूहळू बाहेर ओढत जा, टक् वाजला की तिथेच बोल्ट आवळा. अजून दोन फेरे मारून खात्री करा.

प्लगच्या वायरी लावताना ठिणगीचा क्रम १-३-४-२, प्लगचा गॅप ०.०२५ इंच. मग स्विच चालू आणि हँडल खालून वर ओढा, खाली दाबायचं नाही, अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवा, टायमिंग लवकर लागलं असेल तर हँडल उलटा झटका देतं आणि मनगट जातं.