खांब ते खांब: रंकाळ्यावर पळायला कसं लागायचं

मी जीएसटीची कामं करते. ऑफिस कोल्हापुरात शाहूपुरीत, घर रंकाळा तलावापासून चालत सात मिनिटांवर. महिन्याची ७ तारीख टीडीएस म्हणजे कापलेला कर भरायची, ११ जीएसटीआर-१ची, २० तारीख ३बीची, ही दोन्ही जीएसटीची विवरणपत्रं. माझं पंचांग एवढंच. १९च्या रात्री गुळाचा एखादा अडत्या पिशवीभर बिलं घेऊन दारात उभा राहतो, "वहिनी, एवढं बघा की जरा." आपण हसून "ठेवा" म्हणायचं आणि आतल्या आत धुमसायचं. दोन वर्षांपूर्वी माझी दाढ दुखायला लागली. दाताच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दाढ ठणठणीत आहे, तुम्ही ताणानं झोपेत दात खाताय.

तिथनं पळणं सुरू झालं. वय सेहेचाळीस, अंगात पंजाबी ड्रेस.

आणि तिसऱ्या आठवड्यात बंदही पडलं. कारण मी रंकाळा टॉवरपासून जी सुटायची ती धाप लागून कठड्यावर बसेपर्यंत. रोज. डोकं हलकं व्हायचं, म्हणून दुसऱ्या दिवशी आणखी जोरात. मग एक दिवस सकाळी पाय जमिनीला टेकवला आणि नडगीच्या हाडाच्या कडेनं अशी कळ गेली, की भिंत धरून मोरीपर्यंत गेले. एक महिना घरी.

यातली मेख नंतर कळली. दम आणि स्नायू दोन-तीन आठवड्यांत सुधारायला लागतात. हाडं आणि कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारे दोर, त्या मानानं फार सावकाश घट्ट होतात. म्हणजे आपल्याला "आता जमतंय की" असं वाटतं, नेमकं तेव्हाच पाय अजून तयार नसतात. लाज वाटली ती याची, की मी तालमीच्या घरातली. वडील शिवाजी पेठेत तालमीला जायचे. ते सांगायचे, नवं पोरगं आलं की वस्ताद त्याला आधी हौद्यातली माती खणायला लावायचा. कुस्ती राहिली बाजूला. मग थोडे जोर, थोड्या बैठका, आणि आठवड्याला पाच-पाच वाढ. कुणी एकदम शंभर मारले की वस्ताद कौतुक करायचा नाही, कान धरायचा.

म्हणून दुसऱ्यांदा सुरुवात केली ती विजेच्या खांबांवर. रंकाळ्याच्या काठानं चालायच्या वाटेवर दिव्यांचे खांब आहेत, तेच माझं मीटर. घड्याळ नको, ॲप नको. तुमच्याकडं रंकाळा नसेल तर रस्त्यावरची झाडं धरा, कॉलनीतली गेटं धरा.

पहिल्या आठवड्यात चार खांब चालायचं, एक खांब पळायचं. वीस मिनिटं झाली की घरी. पोटात थोडी भूक असताना पानावरून उठावं तसं. आठवड्यातून तीनच दिवस, मध्ये एक दिवस सोडून. माझे सोमवार, बुधवार, शनिवार. दुसऱ्या आठवड्यात तीन चालायचे, एक पळायचा. तिसऱ्यात काहीही बदलायचं नाही, आणि खरी परीक्षा ती. अंगात रग असते, मन म्हणतं पळ की दोन. नाही पळायचं. चौथ्यात दोन चाल, एक पळ. त्यानंतर पळायचे खांब दोन करा, मग तीन. एका आठवड्यात एकच गोष्ट वाढवायची. खांब वाढवला तर दिवस वाढवायचा नाही, दिवस वाढवला तर खांब नाही. आणि तिथनं पुढं दर चौथ्या आठवड्याला थोडं मागं यायचं. हे मागं येणं माझ्यासारख्या हिशेबी बाईला फार टोचलं, पण नडगी पुन्हा बोलली नाही.

वेगाचं सांगते. पळताना एकोणीसचा पाढा मोठ्यानं म्हणता आला पाहिजे. एकोणीस एके एकोणीस, एकोणीस दुणे अडतीस, इथपर्यंत कुणीही जातं. सत्तावन्न, शहात्तरला श्वास तुटला तर तुम्ही जोरात पळताय. हळू व्हा. इतकं हळू की शेजारनं झपाझप चालणारे आजोबा पुढं निघून गेले पाहिजेत. गेले तर जाऊ देत. पावलं छोटी, पाऊल अंगाखाली पडू दे, पुढं लांब टाकून टाच आपटू नका. बूट संध्याकाळी घ्यायला जा, तेव्हा पाय जरा सुजलेले असतात, आणि पुढं अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहू दे. महागच पाहिजेत असं काही नाही. माझे राजारामपुरीत सेलमध्ये घेतलेले आहेत.

लोक बोलतात. पहिल्या आठवड्यात एकानं गाडीवरून विचारलं, "काय काकू, बस चुकली काय?" मी म्हटलं, "होय बाबा, सापडली तर थांबव." झालं.

आता ताणाचं. माझी भाची मेडिकलला आहे, तिनं समजावलं. भीती किंवा राग आला की शरीर पळायच्या तयारीला लागतं. ॲड्रेनालिन वाढतं, छाती धडधडते, स्नायू आवळतात. नोटिशीचा ईमेल वाचून हे सगळं होतं, आणि आपण बसलेलो असतो खुर्चीवर. तयारी झाली, पळणं झालंच नाही. पळून आलं की त्या तयारीचा कुठंतरी उपयोग होतो आणि शरीर पुन्हा जागेवर येतं. पळल्यावर जे बरं वाटतं ते एंडॉर्फिनमुळं, असं आपण ऐकतो. पण भाची म्हणते, रक्तातलं एंडॉर्फिन मेंदूत सहज शिरत नाही, म्हणून संशोधक आता एंडोकॅनाबिनॉइड नावाच्या दुसऱ्या रसायनांकडं जास्त बघतात. मला नाव पाठ करायला आठवडा लागला. माझा अनुभव एवढाच, की पळून आलेल्या रात्री जबडा सैल असतो.

पण एक चूक मी बरेच दिवस केली: तारखेच्या दिवशी राग काढायला पळायचे. १९ला झोप अर्धी, जेवण उशिरा, आणि २०च्या सकाळी शर्यत. ती शर्यत म्हणजे थकलेल्या अंगावर आणखी एक काम. आता २०ला निम्मे खांब. कधी तेवढंही नाही, नुसतं काठानं चालणं, फोन घरी ठेवून. पण शून्य नाही. शून्य टाकलं की पुढच्या दिवशीही शून्यच टाकावंसं वाटतं. चपलांच्या स्टँडवर बूट सगळ्यात पुढं ठेवायचे, ही युक्ती यातच मोडते.

जुलैत रंकाळ्याच्या दगडांवर शेवाळ धरतं. तेव्हा हौस करू नका. मी अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये फेऱ्या मारते, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत चाळीस पावलं. वॉचमनमामा मोजतात आणि दोन फेऱ्या हमखास कमी सांगतात.

पोटाचं थोडक्यात. निघायच्या आधी एखादं केळं पुरे. परतताना गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर समोर पिळलेलं म्हशीचं दूध घ्यायला मला आवडतं. पण तीन खांब पळायचे आणि पेलाभर दूध प्यायचं, हे ताळेबंदात बसत नाही. वजनासाठी पळत नाही, असं सांगून मी तो विषय बंद केलाय.

चाळिशी उलटली असेल, बीपी किंवा साखर असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. छातीत दुखलं, चक्कर आली तर तिथंच थांबा. हाडावर एका बोटाएवढ्या जागी दुखत असेल तर अंगावर काढू नका, मी काढलं होतं. आणि आठवडेच्या आठवडे झोप उडाली असेल, जगणंच नको वाटत असेल, तर ते पळून भागवायचं काम नव्हे. डॉक्टरांकडं जा, नाहीतर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर लावा, दिवसरात्र चालतो.

माझं सध्याचं सांगायचं तर न थांबता बावीस खांब होतात. या सोमवारी तेवीस करायचे होते, पण तेविसाव्या खांबाचा दिवा गेलाय आणि पहाटे तिथं कुत्री बसलेली असतात. तेव्हा हाही आठवडा बावीसच.