रहाडीचं एचडी शूटिंग पीएस-थ्रीवर नीट चालावं म्हणून

पीएस-थ्री, म्हणजे प्लेस्टेशन-३ हा गेम कन्सोल, २००६ सालचा आहे. आजच्या मोबाइलवर काढलेला व्हिडिओ पेनड्राइव्हवर टाकून तसाच लावला, तर बहुतेक वेळा तो चालतच नाही. पण त्यात दोष ना पेनड्राइव्हचा, ना कन्सोलचा. फाइल त्याला समजेल अशा स्वरूपात करून दिली की त्यावर इतकं सुरेख चित्र दिसतं की नवा टीव्ही घ्यायची गरज वाटत नाही.

मी हे शिकले ते मावशीसाठी. रंगपंचमीला जुन्या नाशकात पेशवेकाळापासूनच्या रहाडी, म्हणजे जमिनीतले रंगीत पाण्याचे हौद, उघडतात, तेव्हा मी तिवंध्याजवळच्या एका वाड्याच्या गॅलरीतून शूटिंग करते. मावशीला गुडघ्यांमुळे आता त्या गर्दीत उभं राहता येत नाही. सिडकोत तिच्या घरी मोठा टीव्ही आहे आणि त्याला मावसभावाचा पीएस-थ्री जोडलेला आहे. तिला प्रत्येक धप्पा, म्हणजे रहाडीतली उडी, बघायचा असतो, आणि नीट बघायचा असतो.

सगळ्यात आधी फाइलच्या आत काय आहे ते बघा. एमपी-फोर किंवा एमकेव्ही हा नुसता डबा. आतली भाजी म्हणजे कोडेक, चित्र किंवा आवाज दाबून साठवायची पद्धत. मीडियाइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात फाइल उघडली की व्हिडिओच्या रकान्यात एव्हीसी किंवा एचईव्हीसी असं लिहिलेलं दिसतं. एव्हीसी म्हणजेच एच-२६४, हे पीएस-थ्रीला कळतं. एचईव्हीसी म्हणजे एच-२६५, ते त्याला अजिबात कळत नाही. नव्या मोबाइलमध्ये जागा वाचवायला बऱ्याचदा हेच चालू असतं, त्यामुळे भाचे मंडळींनी पाठवलेल्या क्लिप हमखास याच असतात. शूटिंगच्या आधीच मोबाइलच्या कॅमेरा सेटिंगमध्ये एच-२६४ निवडायला सांगितलं, तर निम्मं काम वाचतं.

आत एच-२६४ असून फाइल फक्त एमकेव्ही असल्यामुळे अडली असेल, तर पुन्हा एन्कोड करू नका, म्हणजे चित्र नव्याने दाबून साठवू नका. एव्हीडीमक्स या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडा, व्हिडिओ आउटपुट ‘कॉपी’वर ठेवा, ऑडिओ आउटपुटला एएसी हा आवाजाचा कोडेक निवडा, आउटपुट फॉरमॅट एमपी-फोर करा आणि सेव्ह करा. चित्राला हात लागत नाही आणि काम पटकन उरकतं. लोक सरसकट सगळं कन्व्हर्टरमध्ये टाकतात आणि चांगल्या चित्राची विनाकारण नासाडी होते, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता माझ्या कॅमकॉर्डरचं. तो १०८०पी (चित्रात १०८० आडव्या ओळी), सेकंदाला ५० फ्रेम असं शूट करतो. मीडियाइन्फोत त्याच्यापुढे ‘हाय, लेव्हल ४.२’ दिसतं. लेव्हल जितकी वर, तितकं यंत्रावरचं काम जास्त. पीएस-थ्रीसाठी मी लेव्हल ४.१ च्या वर जात नाही, आणि ४.१ मध्ये १०८०पीला ५० फ्रेम बसत नाहीत. मग दोनच वाटा उरतात: १०८०पी ठेवून फ्रेम २५ करायच्या, किंवा फ्रेम ५० ठेवून चित्र ७२०पी करायचं. भाषणाला, आरतीला, बसलेल्या माणसांना पहिली वाट चांगली. रहाडीला मात्र दुसरीच. माणूस काठावरून उडी घेतो, पाठ पाण्यावर आदळते आणि पिवळ्या रंगाचं पाणी चहूबाजूंनी वर उसळतं, हे सगळं क्षणभरात होतं. २५ फ्रेममध्ये ते तुकड्यातुकड्यांत दिसतं. ५० फ्रेममध्ये उडालेला थेंब कुठून कुठे गेला ते कळतं. ७२०पीमुळे कमी झालेला बारकावा पलंगावरून बघताना जाणवत नाही. अडखळलेली हालचाल लगेच जाणवते.

हे काम, आणि एचईव्हीसी क्लिपचं एच-२६४ करायचं कामही, हँडब्रेक या कन्व्हर्टरमध्ये करा, तेही फुकट आहे. ‘फास्ट ७२०पी३०’ हा प्रीसेट (तयार सेटिंगचा संच) घ्या आणि फॉरमॅट एमपी-फोर असल्याची खात्री करा. व्हिडिओ टॅबमध्ये एन्कोडर एच-२६४ (एक्स-२६४) ठेवा. त्याच यादीतला १०-बिटवाला घेऊ नका, तो पीएस-थ्रीवर चालणार नाही. फ्रेमरेट ५० करा आणि शेजारी ‘कॉन्स्टंट’ निवडा. मोबाइलच्या क्लिपना तर कॉन्स्टंट हवंच, कारण मोबाइल फ्रेमरेट कमीजास्त करत राहतो आणि मग ढोलाचा ठोका आधी ऐकू येतो, टिपरू पडताना नंतर दिसतं, असं होऊ शकतं. मात्र मोबाइलची क्लिप मुळात ३० फ्रेमची असेल तर ३०च ठेवा, आकडा वाढवून हालचाल सुधारत नाही. प्रोफाइल हाय, लेव्हल ४.१. आवाज एएसी, स्टिरिओ, बिटरेट १६०.

उरला आरएफचा, म्हणजे चित्राचा दर्जा ठरवणारा आकडा. तो जितका लहान तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. एरवी २१-२२ पुरतो. पण कॉम्प्रेशन चालतं ते आधीच्या फ्रेमपेक्षा काय बदललं एवढंच साठवण्यावर. वाड्याची भिंत जागची हलत नाही, म्हणून ती स्वस्तात साठते. उसळलेल्या पाण्यात प्रत्येक फ्रेम नवी असते, आणि कंजुषी केली की नेमकं तिथेच चित्राचे चौकोन पडतात. म्हणून रहाडीला मी १८ ठेवते आणि एन्कोडर प्रीसेट ‘स्लो’. आधी सगळी फाइल लावू नका. रेंजमध्ये ‘सेकंड्स’ निवडून सगळ्यात जास्त पाणी उडालेला अर्धा मिनिट काढा, टीव्हीवर बघा, मगच पूर्ण फाइल रात्री लावून ठेवा.

पेनड्राइव्ह फॅट-३२ या फाइल मांडायच्या पद्धतीत फॉरमॅट केलेलाच लागतो. पीएस-थ्री एनटीएफएस वाचत नाही, एक्सफॅटही नाही. विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅट खिडकीत ३२ जीबीच्या वर फॅट-३२ चा पर्याय सहसा दिसत नाही, तेव्हा एमजी रोडवरून आणताना ३२ जीबीचाच आणा. फॅट-३२ वर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी मावत नाही. माझ्या कॅमकॉर्डरच्या २८ एमबीपीएसच्या (सेकंदाला २८ मेगाबिट) शूटिंगला ही मर्यादा २० मिनिटांतच येते. ८ एमबीपीएसला मात्र तासाभराची फाइल ३.६ जीबीच्या आसपास राहते. मी तरीही प्रत्येक रहाडीची वेगळी फाइल करते, म्हणजे मावशीला हवी ती लगेच लावता येते. पेनड्राइव्हमध्ये इंग्रजी मोठ्या अक्षरांत ‘व्हिडिओ’ नावाचं फोल्डर करून फाइल त्यात टाका. तसं केलं नसेल तर कन्सोलवर पेनड्राइव्हवर जाऊन त्रिकोणाचं बटण दाबा आणि ‘डिस्प्ले ऑल’ निवडा.

घरी पीएस-फोर असेल तर त्याचा मीडिया प्लेअर एमकेव्हीही घेतो आणि एक्सफॅटही, पण एचईव्हीसी त्यालाही चालत नाही. एक्सबॉक्स ३६० या कन्सोललाही एमपी-फोरमधली एच-२६४ फाइलच द्या. आवाज दोन चॅनेलचा एएसी असणं तिथे महत्त्वाचं.

कॅमेऱ्यातली मूळ फाइल हार्डडिस्कवर जपून ठेवा. पुढे दुसरं यंत्र आलं की नवी प्रत त्या मूळ फाइलवरूनच काढा, पेनड्राइव्हवरच्या प्रतीवरून नको.