मंडळाचे ॲप स्टोअरमध्ये मंजूर करून घेताना

इंदूरमध्ये रामबागेतील एखाद्या मराठी मंडळाने सभासदांची यादी, गणेशोत्सवाचे कार्यक्रम आणि नाटकाची तिकिटे यांसाठी ॲप तयार करून घेतले, की ते गूगल प्ले किंवा ॲपलच्या स्टोअरमध्ये सहज चढेल असे सर्वांनाच वाटते. परंतु स्टोअरच्या वतीने ॲप तपासणाऱ्याला मंडळाची परंपरा ठाऊक नसते; त्याच्यासमोर असतात पडद्यावर दिसणारे ॲप आणि आपण भरून दिलेली माहिती. या दोन्हींचा मेळ बसतो का, हे आधी मंडळानेच पाहावे.

गूगल प्लेचे खाते 25 डॉलर एकदाच भरून मिळते, तर ॲपलचे शुल्क वर्षाला 99 डॉलर आहे. 13 नोव्हेंबर 2023 नंतर उघडलेल्या वैयक्तिक प्ले खात्याला, ॲप सर्वांसाठी खुले करण्यापूर्वी, किमान 12 परीक्षकांकडून सलग 14 दिवस बंद चाचणी, म्हणजे निवडक लोकांपुरती चाचणी, करून घ्यावी लागते. मंडळात इतकी माणसे सहज मिळतात; मात्र त्यांनी मध्येच चाचणीतून बाहेर पडू नये, हे त्यांना आधीच सांगून ठेवावे. संस्थेच्या नावाने खाते उघडल्यास ही अट नसते, पण डन्स (D-U-N-S) क्रमांक, म्हणजे संस्थेची ओळख पटवणारा क्रमांक, लागतो.

सर्वाधिक काळजी लॉगिनची घ्यावी. ॲप उघडताच भारतीय मोबाइल क्रमांक मागून ओटीपी पाठवला जात असेल, तर परदेशात बसलेला तपासनीस त्याच पडद्यावर अडकतो आणि पुढचे काहीच न पाहता ॲप परत पाठवतो. म्हणून त्याच्यासाठी ठरावीक ओटीपी चालणारे चाचणी-खाते तयार करावे, त्यात नमुन्याचे कार्यक्रम व सभासद भरावेत आणि ही माहिती अर्जातील तपासनिसासाठीच्या रकान्यात स्पष्ट लिहावी. ‘लवकरच येत आहे’ अशी कोरी पाने ठेवू नयेत. अपुरे ॲप ॲपल स्वीकारत नाही. मंडळाचे संकेतस्थळ नुसते ॲपच्या चौकटीत बसवलेले असेल, तर तेही नाकारले जाते.

सभासदांचे फोन क्रमांक ही विश्वासाने सोपवलेली ठेव आहे, त्यामुळे गोपनीयतेचे नियम मला जाचक वाटत नाहीत. फोनमधील संपर्क वाचण्याची परवानगी गरज नसताना मागू नये आणि ॲप कोणती माहिती गोळा करते हे सांगणाऱ्या प्लेच्या डेटा सेफ्टी अर्जात जे गोळा होते तेच लिहावे. खाते उघडण्याची सोय दिली, तर ते ॲपमधूनच हटवण्याचीही द्यावी लागते. ॲपलने हे 30 जून 2022 पासून बंधनकारक केले आहे. सभासदांना ॲपवर संदेश लिहिता येणार असतील, तर आक्षेपार्ह मजकुराची तक्रार करण्याची आणि एखाद्याला अडवण्याची सोयही हवी.

पैशांच्या बाबतीत सभागृहातील नाटकाचे तिकीट यूपीआयने विकता येते, पण ॲपमध्येच पाहायच्या व्याख्यानाच्या चित्रफितीसाठी पैसे घ्यायचे असल्यास स्टोअरचे बिलिंग-नियम, म्हणजे ॲपमधील पैसे कोणत्या मार्गाने घ्यावेत याचे नियम, लागू होतात.

ॲप नाकारले गेले, तर पत्रात दिलेला नियम मुळातून वाचावा, दुरुस्ती कोठे केली ते मुद्देसूद कळवावे आणि तपासनिसाचा गैरसमज झाला असल्यास अपील करावे. मंजुरीनंतरची प्रत्येक नवी आवृत्तीही तपासली जाते. ॲपलचा निकाल बहुधा 24 तासांत येतो, मात्र प्लेवर काही वेळा सात दिवस किंवा त्याहूनही अधिक लागतात. म्हणून उत्सवाचे वेळापत्रक असलेली आवृत्ती गणेश चतुर्थीच्या किमान पंधरवडाभर आधी पाठवावी.