ठाण्यातल्या फ्लॅटमधे यूल कसं करायचं

डिसेंबरमधे ख्रिसमसचं सामान सगळीकडे दिसतं, पण युरोपात त्याच दिवसांत त्याहून जुना एक सण आहे, यूल. २१ किंवा २२ डिसेंबरला रात्र वर्षातली सर्वात मोठी असते आणि तिथून दिवस परत वाढायला लागतो, म्हणून हा सण. निसर्गालाच देव मानणारी जी पेगन कुटुंबं आज तिकडे आहेत ती वर्षभरात आठ सण करतात, त्यातला हा एक. आठ सणांची मांडणी विसाव्या शतकातली आहे, पण यूलचा ओंडका जाळणं, हिरव्या फांद्या घरात आणणं ह्या चाली त्याच्या खूप आधीच्या. आणि खरं सांगायचं तर यात आपल्याला परकं वाटावं असं काहीच नाहीये, सूर्य तोच आहे ना.

सुरुवात सूर्यापासूनच करा, डेकोरेशनपासून नको. आयर्लंडमधे न्यूग्रेंज म्हणून पाच हजार वर्षांपूर्वीची दगडी वास्तू आहे, तिच्या दारावर एक झरोका ठेवलाय आणि फक्त या दिवसांतच उगवतीचं ऊन त्यातून थेट आतल्या खोलीपर्यंत पोचतं. तुमच्या घराला दक्षिणेची बाल्कनी असेल तर हे घरच्या घरी होतं, कारण या दिवशी दुपारचं ऊन वर्षात सर्वात जास्त आत येतं. जिथपर्यंत आलं तिथे मुलांना लादीवर खडूने रेघ मारू द्या आणि तारीख लिहू द्या. दक्षिण नसेल तर गच्चीवर एक मीटरची काठी उभी धरा, सावली साधारण ९२ सेंटीमीटर पडेल, मे महिन्याच्या मध्यावर हीच सावली ठाण्यात गायब होते. मात्र बाराला मोजू नका, आपलं घड्याळ ८२.५ रेखांशावर चालतं आणि ठाणे ७३ च्या आसपास, त्यामुळे सूर्य दिवसातला सर्वात वर येतो तो १२ वाजून ३६-३७ मिनिटांनी. माझ्या मते पूर्ण सणातला हा सर्वात सुंदर भाग आहे, तो अजिबात टाळू नका.

आता ओंडका. शेकोटी फ्लॅटमधे शक्य नाही आणि सोसायटीच्या गच्चीवर तर नकोच. तिकडेही बरेच जण आता ओंडक्याला तीन भोकं पाडून त्यात मेणबत्त्या लावतात, तेच करा. येऊरच्या जंगलातून लाकूड आणायचं नाही, ते नॅशनल पार्क आहे, वखारीतून हातभर ओंडका घ्या किंवा सोसायटीत छाटणी झाली असेल तर माळीकाकांकडे मागा. सुताराकडून भोकं पाडून घ्या, आत स्टीलच्या छोट्या वाट्या बसवा म्हणजे लाकूड पेटणार नाही, आणि पडद्यापासून लांब ठेवा. सजावटीला हॉली, आयव्ही ह्या तिकडच्या सदाहरित वनस्पती शोधत बसू नका, जांभळी नाक्याच्या मार्केटमधे आंब्याचे टाळे मिळतात, त्याचा उद्देश एकच की थंडीतही हिरवं राहणारं झाड घरात यावं. संत्र्याला लवंगा टोचायची पण पद्धत आहे, आपल्या संत्र्याची साल सैल असते म्हणून मोसंबी घ्या, वास मस्त येतो.

संध्याकाळी सहा-सव्वासहाला सूर्य मावळला की सगळे दिवे, टीव्ही, मोबाईल बंद. दहा-पंधरा मिनिटं अंधारात नुसतं बसायचं, लहान मुलं आधी चुळबुळ करतात पण मग शांत होतात. ज्याला जे सरत्या वर्षातच सोडून द्यायचंय ते त्याने कागदावर लिहून ठेवलेलं असावं, तो कागद लोखंडी कढईत मोठ्यांनी जाळायचा, कोणी कोणाचा वाचायचा नाही. मग घरातल्या सर्वात लहानाने ओंडक्यावरची पहिली ज्योत लावायची, आम्ही देवघरातल्या निरांजनावरून लावतो, आईंना पण ते खूप आवडलं. सोबत सफरचंदाचा रस दालचिनी-लवंग घालून गरम करा. तिकडे काही जण रात्रभर जागतात, मुलांची शाळा असेल तर झोपा, पण मेणबत्त्या विझवूनच.

सकाळी सहाला उठायचं. या वेळी आपला धुंधुरमास चालू असतो आणि त्यात सूर्य उगवायच्या सुमारास जेवायची आपलीच जुनी रीत आहे, मुगाची खिचडी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, वांग्याचं भरीत, ह्याहून चांगलं यूलचं जेवण मला तरी सुचत नाही. डबे भरून ऐरोली किंवा कोपरीला जिथून पूर्व मोकळी दिसते तिथे जा, सूर्य सात-सव्वासातला येईल पण नेमक्या पूर्वेला बघू नका, २५ अंश उजवीकडे, म्हणजे दक्षिणेकडे सरकून उगवतो.

ओंडका फेकू नका, तोच दरवर्षी वापरायचा असतो. मेण खरवडून दोन दिवस उन्हात ठेवा, मग कडुलिंबाच्या सुक्या पाल्यासोबत वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाका, प्लॅस्टिकमधे बांधला तर पावसाळ्यात बुरशी येते.