बेसबॉलमध्ये रिलीफ पिचर आणि क्लोजर कसे वापरावेत : नवव्या इनिंगची वाट न पाहता

४ ऑक्टोबर २०१६ रोजी टोरांटोमध्ये बाल्टिमोर ओरिओल्स आणि टोरांटो ब्लू जेज यांच्यात जो संघ हरेल त्याचा हंगाम संपेल असा एकच सामना खेळला गेला. नेहमीच्या नऊ इनिंग संपून जादा खेळ सुरू होता आणि अकराव्या इनिंगमध्ये धावसंख्या २-२ अशी बरोबरीत होती. बाल्टिमोरचा क्लोजर (आघाडी राखून सामना संपवण्यासाठी शेवटी आणला जाणारा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा खेळाडू) झॅक ब्रिटन याला त्या हंगामात सामना राखण्याच्या ४७ संधी मिळाल्या होत्या आणि त्या सर्व त्याने साधल्या होत्या. त्याची धावसरासरी, म्हणजे दर नऊ इनिंगमागे त्याच्या खात्यावरच्या धावा, ०.५४ होती. तरीही चेंडू दिला गेला बाल्टिमोरच्याच उबाल्डो हिमेनेझच्या हाती, टोरांटोच्या एडविन एन्कार्नासिओनने तीन धावांचा होम रन मारला आणि सामना ५-२ असा संपला. ब्रिटन त्या सामन्यात माउंडवर (पिचरच्या उंचवट्यावर) आलाच नाही. मॅनेजर बक शोवॉल्टर आघाडी मिळण्याची वाट पाहत राहिले, आणि ती आघाडी कधी मिळालीच नाही. हाच प्रसंग समोर ठेवून राखीव (रिलीफ) पिचरांचा वापर कसा करावा, हे येथे क्रमाने मांडले आहे.

क्रिकेटची सवय असलेल्या वाचकाने आधी एक फरक लक्षात घ्यावा. क्रिकेटमध्ये कर्णधार आपल्या मुख्य गोलंदाजाला दोन षटकांनंतर थांबवून शेवटच्या षटकांसाठी पुन्हा बोलावू शकतो. बेसबॉलमध्ये सामन्यातून काढलेला खेळाडू त्या सामन्यात परत येत नाही. त्यामुळे प्रत्येक पिचर एकदाच खर्च करता येणारी रक्कम आहे, आणि ती केव्हा खर्च करायची हाच मॅनेजरच्या कामाचा गाभा आहे.

१. आधी हाताशी काय आहे ते मोजा

मेजर लीगमध्ये (उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेत) हंगामाच्या बहुतेक काळात संघात २६ खेळाडू असतात आणि त्यांतले जास्तीत जास्त १३ पिचर असू शकतात. पाच जण सामना सुरू करणारे (स्टार्टर) धरले, तर बुलपेनमध्ये, म्हणजे राखीव पिचरांच्या ताफ्यात, साधारण आठ जण उरतात. त्यांची यादी करताना ‘सातव्या इनिंगचा’, ‘आठव्या इनिंगचा’ अशी लेबले लावू नयेत. कोण काय करू शकतो हे लिहावे. फलंदाजाला चेंडूच लागू न देता स्ट्राइकआउट कोण करतो? चेंडू जमिनीवरून मारायला लावून डबल प्ले (एकाच चेंडूवर दोघे बाद) कोण मिळवतो? डावखुऱ्या फलंदाजांना कोण जड जातो? स्टार्टर दुसऱ्याच इनिंगमध्ये कोसळला, तर तीन-चार इनिंग ओढून नेण्याची ताकद कोणात आहे?

ही वर्गवारी करताना केवळ धावसरासरीवर विसंबू नये. बेसवर दोन धावपटू असताना आलेल्या राखीव पिचरने त्या दोघांना घरी, म्हणजे धाव पूर्ण होते त्या होम प्लेटवर, जाऊ दिले, तर त्या धावा आधीच्या पिचरच्या खात्यावर लिहिल्या जातात. घर दुसऱ्याचे जळते आणि पाहुण्याची वही कोरी राहते. म्हणून स्ट्राइकआउट आणि वॉक (चार चुकीच्या चेंडूंमुळे फलंदाजाला फुकट मिळणारा पहिला बेस) यांचे प्रमाण पाहणे अधिक भरवशाचे आहे.

२. सामन्यातला निर्णायक क्षण ओळखा

हीच सर्वांत महत्त्वाची पायरी आहे आणि नेमक्या याच ठिकाणी सवय विचारावर मात करते. दोन प्रसंग कल्पनेत आणा. पहिल्यात सातवी इनिंग चालू आहे, आपली आघाडी एका धावेची आहे, एक जण बाद आहे, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर धावपटू आहेत आणि समोर प्रतिस्पर्ध्याचा तिसऱ्या क्रमांकाचा फलंदाज आहे. दुसऱ्यात नववी इनिंग सुरू होत आहे, आघाडी तीन धावांची आहे, बेस रिकामे आहेत आणि फलंदाजीला क्रमवारीतले शेवटचे तिघे येणार आहेत. रूढ पद्धतीप्रमाणे उत्तम पिचर दुसऱ्या प्रसंगासाठी राखला जातो, पण सामना पहिल्याच प्रसंगात हातचा जातो. नवव्या इनिंगच्या सुरुवातीला तीन धावांनी पुढे असलेला संघ शंभरातले सुमारे ९७ सामने जिंकतो. तेथे क्लोजर आणला काय आणि बरा म्हणावा असा दुसरा पिचर आणला काय, निकालात फारसा फरक पडत नाही.

एखाद्या प्रसंगाचे वजन मोजण्यासाठी अभ्यासक टॉम टँगो यांनी ‘लिव्हरेज इंडेक्स’ हा निर्देशांक रूढ केला. सरासरी प्रसंगाचे वजन १ मानले जाते. सामना चुरशीचा, वेळ उशिराची आणि बेसवर धावपटू, अशी स्थिती आली की हा आकडा झपाट्याने वर जातो. डगआउटमध्ये (संघाच्या बाकावर) बसून गणित करण्याची गरज नाही. ‘पुढच्या दोन फलंदाजांनी काय केले यावर सामन्याचे पारडे किती हलेल?’ हा प्रश्न प्रत्येक इनिंगमध्ये स्वतःला विचारला, तरी बरेचसे काम भागते.

मग ही सवय आली कोठून? शिकागोचे क्रीडापत्रकार जेरोम होल्ट्झमन यांनी राखीव पिचरच्या कामाची नोंद व्हावी म्हणून ‘सेव्ह’ ही संकल्पना पुढे आणली आणि १९६९ मध्ये ती अधिकृत आकडेवारीत आली. आज प्रचलित असलेल्या नियमानुसार विजयी संघाचा शेवटचा पिचर स्वतः विजयाचा मानकरी नसेल आणि तीन किंवा कमी धावांच्या आघाडीवर येऊन किमान एक इनिंग टाकील, तर त्याला सेव्ह मिळते. बरोबरीची धाव बेसवर, फलंदाजीला किंवा पुढच्या क्रमांकावर उभी असताना तो आला, किंवा त्याने शेवटच्या तीन इनिंग टाकल्या, तरीही ती मिळते. हेतू कौतुकाचा होता, पण मोजमापच पुढे रणनीती होऊन बसले. गूस गॉसेजसारखे सत्तरच्या दशकातले राखीव पिचर आग लागेल तेथे धावून जात. १९७५ मध्ये गॉसेजने एकही सामना सुरू न करता १४१ हून अधिक इनिंग टाकल्या होत्या. पुढे १९८८ च्या सुमारास ओकलंडचे मॅनेजर टोनी ला रुसा यांनी डेनिस एकर्सलीला बहुतेक वेळा केवळ नवव्या इनिंगसाठी राखण्याची पद्धत घालून दिली. एकर्सलीने १९९२ मध्ये ५१ सेव्ह मिळवून साय यंग (सर्वोत्तम पिचरचा) आणि सर्वोत्तम खेळाडू हे दोन्ही पुरस्कार पटकावल्यावर सगळ्या संघांनी तोच कित्ता गिरवला. ला रुसांच्या हिशेबात पिचरचा हात आणि वय जपण्याचा विचार होता; नक्कल करणाऱ्यांनी त्यातली फक्त इनिंग उचलली, असे माझे मत आहे.

३. स्टार्टरला केव्हा काढायचे ते ठरवा

फलंदाजांची फळी एकाच पिचरला तिसऱ्यांदा सामोरी जाते तेव्हा तिची कामगिरी सुधारते, हे वारंवार दिसून आले आहे. चेंडूची गती आणि वळण डोळ्यांत बसलेले असते. म्हणून तिसऱ्या फेरीच्या सुरुवातीला बुलपेनमध्ये कोणीतरी तयार असणे योग्यच आहे. मात्र तयार ठेवणे वेगळे आणि डोळे झाकून बदलणे वेगळे. २०२० च्या वर्ल्ड सिरीजच्या (मेजर लीगच्या अंतिम मालिकेच्या) सहाव्या सामन्यात टँपा बे रेजचा ब्लेक स्नेल १-० अशी आघाडी राखून डॉजर्सला नाचवत होता. सहाव्या इनिंगमध्ये, ७३ चेंडूंनंतर, त्याला काढून निक अँडरसनला आणले गेले, त्याच इनिंगमध्ये आघाडी गेली आणि डॉजर्सनी ३-१ असा विजय मिळवून किताब जिंकला. काढण्याचा नियम चुकीचा नव्हता, पण येणारा पिचर जाणाऱ्यापेक्षा त्या दिवशी सरस आहे का, हा प्रश्न नियमाच्या आधी विचारायला हवा.

४. फोन वेळेत करा

मॅनेजर डगआउटमधून फोन करून बुलपेनमधल्या पिचरला तयारीला लावतो. राखीव पिचरला सज्ज व्हायला काही मिनिटे लागतात, त्यामुळे निर्णय एक-दोन फलंदाज आधी घ्यावा लागतो. पूर्वी कॅचरला (फलंदाजामागे चेंडू झेलणाऱ्याला) गप्पा मारायला माउंडवर पाठवून वेळ काढता येत असे. आता ही भेट मोजली जाते. २०२४ पासून ९ इनिंगच्या सामन्यात अशा चार भेटींची मुभा आहे. २०२३ पासून पिचरवर घड्याळाचेही बंधन आहे, म्हणजे प्रत्येक चेंडू ठरलेल्या सेकंदांत टाकावा लागतो. एकाच इनिंगमध्ये त्याच पिचरकडे प्रशिक्षक दुसऱ्यांदा गेला, तर त्या पिचरला काढावेच लागते.

याची दुसरी बाजू चाहत्यांना दिसत नाही. एखाद्याला उठवून पंचवीस चेंडू टाकायला लावायचे, मग बसवायचे, पुढच्या इनिंगमध्ये पुन्हा उठवायचे आणि शेवटी वापरायचेच नाही, याने धावफलकावर काहीच उमटत नाही, पण हात तेवढाच थकतो. ज्याला दोनदा उठवले त्याला त्या दिवशी वापरलेच असे समजून दुसऱ्या दिवशीचा हिशेब करावा.

५. समोरचे तीन फलंदाज पाहून निवड करा

एका डावखुऱ्या फलंदाजासाठी एक डावखुरा पिचर आणायचा आणि लगेच बदलायचा, हा खेळ २०२० मध्ये संपला. आता येणाऱ्या पिचरने किमान तीन फलंदाजांना सामोरे जावे लागते किंवा ती अर्धी इनिंग संपवावी लागते. दुखापत झाली तरच सूट मिळते. त्यामुळे येणाऱ्या तिघांपैकी दोघे कोणत्या हाताचे आहेत आणि प्रतिस्पर्ध्याच्या बाकावर कोणता बदली फलंदाज बसला आहे, हे एकत्र पाहावे लागते. शक्य असेल तर राखीव पिचरला नव्या इनिंगच्या आरंभी आणण्यापेक्षा दोन बाद झाल्यावर आणावे. एक फलंदाज बाद करून इनिंग संपली, तर तीन जणांचे बंधन तेथेच सुटते. बेस भरलेले आणि कोणीच बाद नाही, अशा वेळी मात्र डाव्या-उजव्याचा काथ्याकूट सोडून स्ट्राइकआउट करणाऱ्यालाच चेंडू द्यावा, कारण साधा उंच झेलसुद्धा तिसऱ्या बेसवरच्या धावपटूला घरी पोहोचवू शकतो.

६. क्लोजरची जागा ठरवा, आणि बरोबरीत कचरू नका

यजमान संघ नेहमी नंतर फलंदाजी करतो. नववी इनिंग बरोबरीत सुरू झाली, तर यजमानांच्या पिचरला त्या सामन्यात सेव्ह मिळणे शक्यच नसते, कारण त्यांनी आघाडी घेताच सामना संपतो. म्हणून घरच्या मैदानावर बरोबरी असताना नवव्या इनिंगच्या पहिल्या अर्ध्यात क्लोजर आणण्यास मॅनेजर सहसा कचरत नाहीत. पाहुण्या संघाचा मॅनेजर मात्र पुढे आघाडी मिळेल आणि तेव्हा क्लोजर लागेल या आशेने त्याला मागे ठेवतो. खरे तर पाहुण्यांसाठी नवव्या इनिंगपासून बरोबरीतली प्रत्येक खालची (यजमानांच्या फलंदाजीची) अर्धी इनिंग अधिक धोक्याची असते : एक धाव गेली की पुढची संधीच उरत नाही. ब्रिटनच्या बाबतीत नेमके हेच घडले. २०२० पासून नियमित हंगामात जादा इनिंग दुसऱ्या बेसवर धावपटू ठेवूनच सुरू होते, त्यामुळे तेथे स्ट्राइकआउट करणाऱ्या पिचरची किंमत आणखी वाढली आहे.

याविरुद्ध एक आक्षेप रास्त आहे. आपली वेळ ठाऊक असली की शरीर आणि मन दोन्ही त्या वेळेला तयार होतात, असे पुष्कळ पिचर सांगतात. न्यूयॉर्क यांकीजचा क्लोजर मारियानो रिव्हेरा याने ६५२ सेव्ह मिळवल्या त्या बहुतांशी अशाच ठरलेल्या भूमिकेत. यावर २०१६ मध्ये क्लीव्हलंडचे मॅनेजर टेरी फ्रँकोना यांनी चांगला मार्ग काढला. नववी इनिंग त्यांनी कोडी अॅलनकडे ठेवली आणि त्याहून सरस असलेल्या अँड्र्यू मिलरला मोकळे सोडले. बोस्टनविरुद्धच्या पहिल्या सामन्यात मिलर पाचव्याच इनिंगमध्ये उतरला, आणि पुढे टोरांटोविरुद्धच्या मालिकेत तोच सर्वोत्तम खेळाडू ठरला. संघात दोन भरवशाचे पिचर असतील, तर ‘क्लोजर’ ही पाटी दुसऱ्या क्रमांकाच्या पिचरला देऊन पहिला मोकळा ठेवावा. एकच असेल, तर निदान आठव्या इनिंगमधल्या अवघड प्रसंगात त्याला आणून चार-पाच फलंदाज बाद करून घेण्याची तयारी हंगामाच्या सुरुवातीपासून करावी. ऑक्टोबरमध्ये, बाद फेरीत, अचानक नको.

७. उद्याचा सामना विसरू नका

नियमित हंगाम १६२ सामन्यांचा असतो. सलग तिसऱ्या दिवशी कोणालाही टाकायला लावणे शक्यतो टाळावे, आणि तीसहून अधिक चेंडू टाकलेल्याला दुसऱ्या दिवशी विश्रांती द्यावी. पाच धावांची आघाडी असताना उत्तम पिचर वापरणे ही उधळपट्टी आहे. २०१६ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये शिकागो कब्सचे मॅनेजर जो मॅडन यांनी अरोल्डिस चॅपमनकडून पाचव्या सामन्यात आठ फलंदाज बाद करून घेतले, ४२ चेंडू टाकून. हे समर्थनीय होते, कारण हरले असते तर मालिका संपली असती. पण सहाव्या सामन्यात ७-२ अशी आघाडी असतानाही त्यांनी त्याला सातव्या इनिंगमध्ये आणले आणि आघाडी वाढल्यावरही नवव्या इनिंगपर्यंत ठेवले. दुसऱ्या दिवशी, निर्णायक सामन्याच्या आठव्या इनिंगमध्ये, क्लीव्हलंडच्या राजाय डेव्हिसने त्याच चॅपमनला होम रन मारून धावसंख्या ६-६ केली. कब्सनी दहाव्या इनिंगमध्ये ८-७ असा सामना जिंकला म्हणून ही चूक आज गमतीने आठवली जाते.

अमेरिकेत राहणाऱ्या ज्या मराठी पालकांची मुले लिटल लीगमध्ये (मुलांच्या बेसबॉल स्पर्धेत) खेळतात, त्यांच्यासाठी ही पायरी बाकीच्या सहांच्या आधी येते. तेथे ११-१२ वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त ८५ चेंडू टाकता येतात. १४ वर्षांपर्यंतच्या मुलांना २१ ते ३५ चेंडूंनंतर एक दिवस, ३६ ते ५० नंतर दोन, ५१ ते ६५ नंतर तीन आणि ६६ किंवा अधिक चेंडूंनंतर चार दिवस विश्रांती सक्तीची आहे. ४१ चेंडू टाकलेला मुलगा त्या दिवशी पुढे कॅचर म्हणूनही उभा राहू शकत नाही. एक वही आणि पेन्सिल घेऊन प्रत्येक चेंडूची रेघ ओढत बसणारा पालक संघात असावा, आणि ३५ वी रेघ ओढताना त्याने प्रशिक्षकाला हाक मारावी.